शूऽऽ... लायब्रेरियन येतायत!

सिनेमातली लायब्रेरियन कशी असते? चष्मा, अंबाडा आणि ‘शूऽऽ!’ ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’मध्ये (१९४६) तर हीरो जन्मलाच नसता, तर हिरॉईन बिनलग्नाची लायब्रेरियन झाली असती, असं दाखवलंय. म्हणजे ती जणू शिक्षाच!

आपल्या लाडक्या ‘थ्री इडियट्स’मध्ये (२००९) चतुरचं भाषण लिहून देतात लायब्रेरियन दुबेजी. आपल्या लक्षात राहतो तो फक्त चतुरचा पोपट.

मला वाटतं, पुस्तकं शोधण्या-जपण्यात ॲक्शन नाही, म्हणून कॅमेरा तिकडे वळत नाही. पण आपल्याच लाईनवर, बदलापूरला, श्याम जोशींनी ‘ग्रंथसखा’ वाचनालय उभारून दुर्मिळ मराठी पुस्तकं जपली. हिरोगिरी म्हणजे आणखी काय असतं?

सबमिशनच्या आठवड्यात आपल्याला नेमकं पुस्तक काढून देणाऱ्यांचं नाव किती जणांना माहीत आहे? विचारा की!