कँडिड म्हणजे रूड नव्हे : प्रवेश परीक्षांमधले इंग्रजी समानार्थी शब्द

मागच्या व्याख्यानानंतर मुलुंडच्या एका ताईंनी विचारलं होतं, ‘मुलाला इंग्रजीचे पाचशे समानार्थी शब्द पाठ आहेत, मी रोज रात्री म्हणून घेते. मग पेपरात ते चुकतात कसे?’ त्या दिवशी वेळ संपली होती. आजचं बोलणं त्या एका प्रश्नावरच आहे.

आधी परीक्षेचं चित्र पाहू. सातारचं सैनिक स्कूल १९६१ साली सुरू झालं, देशातलं पहिलं. तिथे सहावीत किंवा नववीत प्रवेश मिळतो. २०२१ पासून ही परीक्षा एनटीए घेते. सहावीचा पेपर मराठीतून देता येतो, नववीचा मात्र इंग्रजीतूनच. चारशे गुणांपैकी गणिताला २०० आणि इंग्रजीला ५०, म्हणजे दोन-दोन गुणांचे २५ प्रश्न. डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजच्या परीक्षेत इंग्रजीचा वाटा आणखी मोठा, चारशेपैकी १२५. घाटकोपरच्या किंवा बोरिवलीच्या मराठी शाळेत आठवीत असलेलं, गणितात वाघ असलेलं पोर नेमकं इथे अडतं. आणि मग घरात वाक्य येतं, ‘आमच्या मुलाला इंग्रजी जमतच नाही.’ आमचं म्हणणं असं, की त्याला इंग्रजी शिकवलंच जात नाही. त्याला याद्या दिल्या जातात.

या याद्यांची सवय आपल्याला मराठीतून लागली. सूर्य म्हणजे रवि, भास्कर, दिनकर, आदित्य, मित्र. कमळ म्हणजे पंकज, अंबुज, नीरज. हे सगळं अमरकोशाच्या परंपरेतलं. पूर्वी पाठशाळेत मुलं तो कोश तोंडपाठ करत, आणि ते चालून जाई, कारण ती मुख्यतः नामं आहेत. आकाशातला सूर्य एकच, त्याला रवि म्हणा नाहीतर भास्कर म्हणा, वस्तू बदलत नाही. इंग्रजीच्या पेपरात विचारतात ती बहुतेक विशेषणं आणि क्रियापदं. तिथे शब्द बदलला की माणूसच बदलतो!

आमच्या रविवारच्या वर्गातला एक प्रसंग सांगतो. प्रश्न होता, कँडिड या शब्दाचा समानार्थी शब्द निवडा. पर्याय होते रूड, फ्रँक, शाय, प्राउड. एका हुशार मुलीने रूडवर खूण केली. का, असं विचारलं तर तिने वही दाखवली. वहीत एका ओळीत होतं: कँडिड, फ्रँक, ब्लंट, रूड. ओळ तशी चुकीची नव्हती. कँडिडच्या शेजारी फ्रँक बसतो, फ्रँकच्या शेजारी ब्लंट, ब्लंटच्या शेजारी रूड. पण पहिल्या आणि शेवटच्या शब्दाचं नातं उरत नाही. आम्ही फळ्यावर प्रत्येकासमोर मराठी शब्द लिहिले. कँडिड म्हणजे मोकळा. फ्रँक म्हणजे स्पष्टवक्ता. ब्लंट म्हणजे फटकळ. रूड म्हणजे उद्धट. मुलगी लगेच हसली. मोकळा माणूस आणि उद्धट माणूस यांतला फरक तिला पक्का ठाऊक होता. तो तिला इंग्रजी शब्दांशी जोडून कुणी दिला नव्हता, इतकंच.

पैशांचं बघा. थ्रिफ्टी आणि मायझरली हे शब्द यादीत एकत्र सापडतात, कारण दोघांचा पैसा वाचतो. आपण आजीला काटकसरी म्हणतो आणि वर्गणी न देणाऱ्या शेजाऱ्याला चिक्कू म्हणतो. आजीला चिक्कू म्हणून बघा, काय होतं ते! थ्रिफ्टी म्हणजे काटकसरी, स्टिंजी म्हणजे चिक्कू, मायझरली म्हणजे पक्का कंजूष. अंगाने स्लिम असलेला सडपातळ, आणि स्किनी असलेला हडकुळा. म्हणून आम्ही मुलांना प्रत्येक शब्दापुढे अधिक किंवा उणे अशी खूण करायला लावतो. कौतुकाचा शब्द अधिक, टोमण्याचा उणे. प्रश्नातला शब्द अधिकचा असेल तर उण्याचे पर्याय तिथल्या तिथे गळतात.

दुसरी गोष्ट शब्दांच्या सोबतीची. अंधेरीला उभे राहून आपण बोरिवलीची जलद लोकल म्हणतो. शीघ्र लोकल कुणी म्हणत नाही, अर्थ तोच असला तरी. इंग्रजीतही ती फास्ट लोकल असते, क्विक लोकल नसते. उत्तर मात्र क्विक रिप्लाय असतं. आणि हेस्टी? तोही वेगाचाच शब्द, पण उतावळ्या निर्णयाला लागतो. म्हणून सुटा शब्द पाठ करायचा नाही, एका सोबत्यासकट पाठ करायचा.

आता कुणी म्हणेल, इंग्रजीत एकाच कामाला इतके शब्द हवेत तरी कशाला? त्यामागे इतिहास आहे. १०६६ साली फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. दरबारात आणि कोर्टकचेरीत फ्रेंच आली, विद्वानांची लॅटिन होतीच, आणि घरात जुनी इंग्रजी राहिली. त्यामुळे मित्राला आस्क करायचं, साक्षीदाराला क्वेश्चन करायचं आणि आरोपीला इंटरॉगेट करायचं. पहिला शब्द घरचा, दुसरा फ्रेंचमधून आलेला, तिसरा लॅटिनचा. आपल्याला यात नवल वाटू नये. आपण आईकडे पैसे मागतो, वॉर्ड ऑफिसात अर्ज करतो आणि हायकोर्टात याचिका दाखल करतो. मागणं घरचं, अर्ज अरबीतून फारसीमार्गे आलेला, याचिका संस्कृत. मराठी मुलाच्या कानाला हे तीन मजले जन्मापासून माहीत आहेत.

आणि त्या वरच्या लॅटिन मजल्यावर तर आपली मुलं इतरांपेक्षा पुढे असायला हवीत. मॅग्नॅनिमस हा शब्द ऐकूनच मुलं घाबरतात. त्यात मॅग्नस म्हणजे महान आणि ॲनिमस म्हणजे मन. मोठ्या मनाचा, संपला विषय. युनॅनिमस म्हणजे एका मनाचे, एकमताने. ग्रेव्ह हा शब्द मुलांना थडगं म्हणूनच माहीत असतो. पण ग्रेव्ह प्रॉब्लेममधला ग्रेव्ह म्हणजे गंभीर, जड. ग्रॅव्हिटी त्याच कुळातली, आणि आपला गुरुत्वाकर्षणातला गुरू हा त्या लॅटिन शब्दाचा दूरचा भाऊ. बेनेव्होलंट आणि मॅलेव्होलंट यांच्यात जो फरक आहे तो सुजन आणि दुर्जन यांच्यासारखा, पुढचा उपसर्ग फिरवला की माणूस फिरतो.

जाताजाता एक सांगतो. काही पालक यासाठी जाडजूड थिसॉरस आणतात. रोजे नावाच्या डॉक्टरांनी १८५२ साली तो प्रसिद्ध केला, पण शब्द माहीत असून ऐन वेळी सुचत नाही अशा लिहिणाऱ्यासाठी. ज्याला शब्दच नवा आहे त्याच्या हातात ती पुन्हा एक यादीच. साधा इंग्रजी-मराठी कोश आणि एक वही पुरे.

हं, पुढे कुणीतरी हात वर केलाय. रोज किती शब्द? तीन. त्याहून जास्त नकोत. तीन शब्द, प्रत्येकाचं एक वाक्य, एक मराठी शब्द आणि अधिक-उणेची खूण. रविवारी आठवड्याचे एकवीस मिसळून विचारायचे.

आणि ताई, तुम्ही मघाशी म्हणालात की मला इंग्रजी येत नाही, मी फक्त यादी धरून बसते. यादी ठेवून द्या. अर्थ मुलाने कोशात बघावा. तुम्ही फक्त दोन प्रश्न विचारा: हा शब्द तू कुणाबद्दल म्हणशील, आणि त्याच्या तोंडावर म्हणशील का? याला इंग्रजी लागत नाही. आमच्या वर्गात एकाला विचारलं, ब्लंट कोण? तो म्हणाला, आमची आत्या. मग रूड कोण? तर म्हणाला, ते नाव मी वहीत नाही लिहिणार, वही घरी सगळे बघतात.