गोड्या पाण्यावरील हिमसंकट

सरोवर म्हटले की कमळांनी नटलेला शांत जलाशय आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु उत्तर अमेरिकेत, संयुक्त संस्थाने व कॅनडा यांच्या सीमाप्रदेशात, सुपीरियर, मिशिगन, ह्यूरन, ईरी व ऑन्टॅरिओ ही जी पाच महासरोवरे आहेत, त्यांना गोड्या पाण्याचे समुद्रच म्हटले पाहिजे. एकट्या सुपीरियरचे क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर आहे. आपल्या गोव्यासारखे बावीस प्रदेश त्यात सहज सामावतील! लोहखनिज, चुनखडी व धान्य वाहणारी प्रचंड जहाजे तेथे ये-जा करतात. या जहाजांना लाटांइतकेच भय असते ते लाटांच्या तुषारांचे. हे कसे, ते आपण पाहू.

पाणी ४ अंश सेंटिग्रेडला सर्वांत जड असते. म्हणून हिवाळ्याच्या आरंभी पृष्ठभागावरचे थंड पाणी खाली जाते व खालचे ऊबदार पाणी वर येते. त्यामुळे खोल सरोवर गोठण्यास फार विलंब लागतो. नोव्हेंबर-डिसेंबरात वरची हवा शून्याच्या पुष्कळ खाली उतरते, परंतु खाली पाणी मात्र मोकळेच उसळत असते. वादळी वारा लाटांचे शेंडे उडवतो. ते तुषार हवेतच गारठतात आणि डेक, कठडे, दोर व डोलकाठ्या यांवर आदळताच बर्फ होऊन चिकटून बसतात. समुद्राचे खारे पाणी गोठण्यास उणे दोन अंशांच्या जवळपास तापमान लागते. गोडे पाणी शून्यालाच गोठते. पुढे सरोवरावर बर्फाचे सलग आच्छादन पसरले, की लाटाही थांबतात व तुषारही. म्हणजे तुषारांचे हे संकट सरोवर गोठल्यावर नव्हे, तर गोठण्यापूर्वीच अधिक असते!

आता थोडे गणित करू. दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद अशा डेकवर पाच सेंटिमीटर जाडीचा थर साचला, तर त्याचे वजन साडेचार टनांहून अधिक भरते. त्यातही हे ओझे तळाशी नसून उंचावर असते. होडी डोलू लागली की आपल्याकडील नावाडी ‘खाली बसा’ म्हणून ओरडतो, त्यामागचे कारण हेच. भार वर गेला की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि कलंडलेल्या नौकेला पुन्हा सरळ होणे कठीण जाते. मोठे जहाज बराच भार सोसते. मासेमारीची लहान नौका मात्र उलटते. शिवाय दारे थिजतात व जीवरक्षक होड्या जागच्या जागी गोठून बसतात.

१९१३ च्या नोव्हेंबरातील महावादळात या सरोवरांवर अडीचशेहून अधिक माणसे दगावली. त्या वेळी ‘एल. सी. वाल्डो’ हे जहाज सुपीरियर सरोवरातील गल रॉक नावाच्या खडकावर आदळून अडकले. लाटांच्या पाण्याने त्याच्यावर बर्फाचे कवच चढले आणि आतील माणसे बंदिवान झाली. हाताशी येईल ते लाकूड जाळून त्यांनी दिवस काढले. जीवरक्षक पथकांच्या होड्यांवरही बर्फ साचत होते. तरीही ती माणसे तेथवर पोहोचली आणि सर्वांना सुखरूप घेऊन आली. परक्या जिवासाठी स्वतःचा जीव पणाला लावणाऱ्या त्या वीरांना आम्ही वंदन करतो.

आज हवामान खाते गोठणाऱ्या तुषारांची सूचना आगाऊ देते. तशी सूचना मिळताच कप्तान शक्य तो आडोशाच्या किनाऱ्याने जातो अथवा बंदरातच थांबतो. वाटेत संकट ओढवलेच, तर वेग कमी करावयाचा, तुषार कमी उडतील अशी दिशा धरावयाची आणि लाकडी मोगऱ्यांनी बर्फ फोडून टाकावयाचे. हे काम बर्फाचा थर पातळ असतानाच करावे लागते. ऐन हिवाळ्यात, १५ जानेवारी ते २५ मार्च या काळात, सुपीरियर व ह्यूरन यांना जोडणारे सू येथील जलपाश बंद ठेवतात. उरलेल्या मार्गांवर बर्फ फोडणारी जहाजे वाट मोकळी करतात.

विद्यार्थी मित्रहो, येथे शत्रू हिमपर्वताएवढा नसतो. तो एका थेंबाएवढा असतो. पहिल्या थेंबांकडे ज्याचे लक्ष असते, तोच नाविक बंदर गाठतो.