घरची हत्यारे : स्वस्त कोणती, महाग कोणती?

खाटेचा पाय डगमगू लागतो, दाराची कडी निखळते, आणि ऐन डवरणीच्या दिवसांत डवऱ्याचा दांडा मोडतो. सुतार दुसऱ्याच्या कामात गुंतलेला असतो. पाऊस तर कोणासाठीच थांबत नाही. अशा वेळी घरी चार हत्यारे असली, तर दिवस वाया जात नाही. पण बाजारात गेले म्हणजे कोडे पडते. खिशात पैसे मोजके; मग घ्यावे काय, आणि सोडावे काय?

किंमत कशी मोजावी, याची एक चांगली रीत जुन्या चरखा-स्पर्धेत सापडते. 1929 साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी 1 लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. चरखा हलका असावा, हाताने किंवा पायाने चालावा, या अटी होत्याच. पण पुढच्या अटी पाहा. किंमत 150 रुपयांहून जास्त नसावी. वेळच्या वेळी देखभाल केली तर तो निदान 20 वर्षे चालावा. आणि देखभालीचा वर्षाचा खर्च किमतीच्या शेकडा 5 हून अधिक नसावा. बक्षीस कोणालाच मिळाले नाही, तरी हिशेब मोठा मार्मिक आहे. 150 चे शेकडा 5 म्हणजे साडेसात रुपये. 20 वर्षांत तेही 150 होतात. म्हणजे खरेदीला जेवढे, तेवढेच देखभालीला! चरख्यांचे नाना प्रकार वर्ध्याच्या मगन संग्रहालयात पाहायला मिळतात. गांधीजींच्या हस्ते 30 डिसेंबर 1938 रोजी हे संग्रहालय उघडले. ते पाहताना हा हिशेब जरूर आठवावा.

आता हाच हिशेब आपल्या पेटीला लावू. हत्यार घेताना तीन प्रश्न विचारावेत : किंमत किती? टिकेल किती? आणि बिघडले तर गावात दुरुस्त कोण करील? दोन पावसाळ्यांत वाया जाणारी पटाशी निम्म्या किमतीत मिळाली, तरी ती महागच.

सुरुवातीला फार काही लागत नाही. मोजपट्टी, गुण्या, करवत, हातोडी, एक अरुंद व एक रुंद पटाशी, पेचकस, पकड, कानस आणि धार लावायचा दगड, एवढ्यावर घरची बहुतेक कामे निभतात. बाजारात मिळणारा चाळीस नगांचा चकचकीत संच पाहून भुलू नये. त्यांतले पाचच नग हातात येतात, बाकीचे गंजतात. भोके पाडायचे विजेचे यंत्र वर्षातून दोनदाच लागत असेल, तर चार घरांनी मिळून एक घ्यावे.

दुकानातच पारख करता येते, बरे का! गुण्या सरळ कडेच्या फळीला लावून रेघ ओढावी. मग तो उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ ओढावी. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या, तर गुण्या खरा. करवतीचे पाते हलके वाकवून सोडावे. चांगले पाते पुन्हा सरळ होते. हातोडीच्या दांड्यात लाकडाच्या रेषा लांबीला धरून गेलेल्या असाव्यात. त्या आडव्या तुटल्या असतील, तर दांडा मोडणार आणि हातोडी कोणाच्या तरी अंगावर जाणार.

वर्धा, हिंगणघाट किंवा आर्वीला गेलात, तर नव्या दुकानाबरोबर भंगाराच्या दुकानातही डोकावावे. वरचा गंज पुसता येतो. खोल खड्डे पडलेले किंवा तडा गेलेले हत्यार मात्र फुकटही नको. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचे पोलाद चांगले; त्यातून लोहार विळा किंवा पटाशी घडवून देतो. जुन्या कानशीला मात्र नुसती घासून पटाशी करू नये. कानस कडक, पण ठिसूळ असते. ठोकताना तिचा तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो.

काही वस्तूंना पैसे मोजायचे कारणच नाही. वाळलेल्या बाभळीचा दांडा घरी तासता येतो, खोक्याच्या फळ्यांची पेटी होते, लाकडी हातोडाही होतो. लाकडी दांड्यांना जवसाचे तेल चोळले, तर ते लवकर फुटत नाहीत. लोखंडाला मात्र यंत्राचे पातळ तेल लावावे. जवसाचे तेल वाळून चिकट होते आणि पकडीचा सांधा धरून ठेवते.

शेवटची गोष्ट धारेची. बोथट पटाशीला जोर जास्त लावावा लागतो. मग ती सटकते आणि हात कापते. लाकूडकामाच्या पटाशीचा उतार पात्याच्या जाडीच्या दुपटीहून थोडा लांब ठेवावा. कोन मोजायचे यंत्र लागत नाही. दगडावर घासता घासता मागच्या बाजूला बारीक कोर बोटाला लागली, की पाठ सपाट ठेवून ती काढून टाकावी. आठवड्याला दहा मिनिटे यात गेली, तर हत्यार पिढीभर पुरते. मृगापूर्वी एकदा पेटी उघडावी, सगळे पुसून तेल द्यावे आणि पेटी ओल्या भिंतीपासून दूर, जमिनीपासून वर ठेवावी. स्वस्ताईचा हा भाग दुकानात विकत मिळत नाही. तो आपल्याच हातांनी घरी करावा लागतो.