बिंबाभ्रिका नेमकी किती लांब?

अभिजितच्या शेजारी, स्वरमंडळात, छोट्या दुर्बिणीतूनही धुराच्या कड्यासारखी दिसणारी एक अभ्रिका आहे, एम 57. मरणपंथाला लागलेल्या ताऱ्याने बाहेरचं आवरण झटकलं, आतला तापलेला गाभा उघडा पडला आणि त्याच्या अतिनील प्रकाशाने तो वायू उजळला. आपल्या आकाशगंगेत अशा हजारो बिंबाभ्रिका सापडल्या आहेत. त्या किती लांब आहेत, एवढ्या साध्या प्रश्नाने मात्र खगोलशास्त्रज्ञांना अनेक दशकं दमवलं. आणि अंतराविना सगळंच अडतं. ते दुप्पट चुकलं, की अभ्रिकेचा आकार दुप्पट आणि ताऱ्याची तेजस्विता चौपट चुकते.

1956 साली सोव्हिएत शास्त्रज्ञ इओसिफ श्क्लोव्स्की यांनी तोडगा सुचवला. सगळ्यांतल्या उजळलेल्या वायूचं वस्तुमान सारखंच, सूर्याच्या एक पंचमांशाच्या आसपास, धरून चला. मग आकार आणि तेज यांवरून अंतर निघतं. हे गृहीतक बिनधास्त असलं तरी गणित चतुर होतं. वस्तुमान चौपट चुकलं तरी अंतर पावणेदोन पटच चुकतं. पण पुढे ही वस्तुमानं शंभरपटींनीही वेगळी असल्याचं दिसलं, आणि तेवढ्या फरकाला अंतर सहापटींहून अधिक चुकतं.

हबल दुर्बिणीने काही वर्षांच्या अंतराने छायाचित्रं घेऊन अभ्रिकेचं दिसणारं फुगणं मोजायची आणि ते वायूच्या खऱ्या वेगाशी ताडून अंतर काढायची युक्तीही झाली. मात्र दिसणारी कड वायूपेक्षा वेगाने सरकते, त्यामुळे अंतर कमी भरतं.

एम 15 या तारकागुच्छात 1928 साली सापडलेल्या पीझ 1 या बिंबाभ्रिकेची गोष्ट सोपी, कारण गुच्छाचं अंतर तेच तिचं. असा आयता शेजार फारच थोड्यांच्या वाट्याला येतो.

2013 साली झेपावलेल्या गाया यानाने सरळ भूमितीच वापरली. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचा तारा किंचित सरकलेला दिसतो. एम 57च्या मधल्या ताऱ्याचं हे सरकणं विकलेच्या हजाराव्या भागाहून थोडंसंच अधिक, म्हणजे अंतर सुमारे 2,600 प्रकाशवर्षं. कुंभ राशीतली हेलिक्स अभ्रिका सुमारे 650 प्रकाशवर्षांवर निघाली.

तरी गाया रामबाण नाही. मधला तारा नेमका कोणता, इथपासूनच वाद होतात. लहान, तेजस्वी अभ्रिकेत तो झाकोळतो. आकाशगंगेच्या मध्याकडच्या, 26 हजार प्रकाशवर्षांवरच्या अभ्रिकांचं सरकणं तर मोजमापाच्या चुकीतच हरवतं. तिथे अंतर काढायला अजूनही अभ्रिकेचं पृष्ठतेज, म्हणजे दिसणाऱ्या प्रत्येक तुकड्याचं तेज, आणि तिची खरी त्रिज्या यांच्या नात्यावरच भिस्त आहे. फक्त ते नातं आता गायाने मोजलेल्या जवळच्या अभ्रिकांवर ताडून घेता येतं.