किडा चावला तर काय करावे?



आपल्या वाशीम जिल्ह्यात पावसाळा लागला की डास वाढतात. वावरात निंदायला गेले की लाल मुंग्या चावतात. तुरीला फुले आली की मधमाश्या येतात. सोयाबीनची सुडी हलवली की कधी कधी खालून विंचू निघतो. म्हणून काय चावल्यावर काय करायचे, हे लहानमोठ्या सर्वांना माहीत पाहिजे. मी आजीला विचारले, नर्सताईंना विचारले आणि आमच्या बाईंनी पुस्तकात पाहून सांगितले. ते सर्व येथे लिहीत आहे.

आग आणि खाज का होते?

डासांमध्ये फक्त मादी चावते. तिला अंडी घालण्यासाठी रक्त लागते. रक्त पिताना ते गोठू नये म्हणून ती आपल्या अंगात थोडी लाळ सोडते. ती लाळ आपल्या शरीराला परकी वाटते. म्हणून तिथे गांधी उठते आणि खाज सुटते.

मधमाशी आणि गांधीलमाशी मात्र विष टोचतात. हे विष कातडीच्या खाली जाते. आपण वरून जे काही लावतो ते कातडीच्या वरच राहते. म्हणजे घरचा उपाय विष काढत नाही. तो फक्त आग आणि खाज कमी करतो. ही गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचे सारे समजते.

घरचे चांगले उपाय

१) आधी ती जागा साबणाने आणि स्वच्छ पाण्याने धुवावी.

२) थंड पाण्याची पट्टी ठेवावी. माठातले पाणी चालते. थंडाव्याने सूज आणि ठणका कमी होतो. हा सर्वांत सोपा आणि सर्वांत चांगला उपाय आहे.

३) कोरफडीचे पान धुवून कापावे. आधी त्यातला पिवळा चीक गळून जाऊ द्यावा. मग आतला पांढरा गर लावावा. गार वाटते.

४) खाण्याचा सोडा पाण्यात कालवून थोडा वेळ लावावा, मग धुवून टाकावा. खाज कमी वाटते.

५) खाजवू नये. नखात घाण असते. कातडी फुटली की त्यात पू होतो. आजी म्हणते, "खाजू नको बाप्पा, पानी लाव त्याले." नर्सताईपण हेच म्हणाल्या.

मधमाशी चावली तर

मधमाशीच्या काट्याला उलटे दात असतात. म्हणून काटा आपल्या अंगातच अडकतो आणि माशी मरते. काट्यासोबत विषाची बारीक पिशवी राहते. माशी गेली तरी ती पिशवी विष सोडतच असते. म्हणून काटा लगेच काढावा. नखाने खरवडून काढा नाहीतर चिमट्याने काढा, पण उशीर करू नका.

त्या काट्याला एक वास असतो. त्या वासाने दुसऱ्या माश्याही चिडून येतात. म्हणून तिथून लवकर दूर जावे. आग्या मोहोळाला तर कधीच दगड मारू नये. माश्या उठल्या तर तोंड झाकून पळावे आणि घरात शिरून दार लावावे.

गांधीलमाशीचा काटा अंगात राहत नाही. म्हणून ती पुन्हा पुन्हा चावू शकते.

हे लावू नये

चुना लावू नये, कातडी भाजते. रॉकेल लावू नये. शेण आणि माती लावू नये, त्यात धनुर्वाताचे जंतू असतात. ब्लेडने कापू नये. तोंडाने चोखू नये. दोरी आवळून बांधू नये.

विंचू चावला तर

विंचू हा किडा नाही. किड्याला सहा पाय असतात, विंचवाला आठ. तो कोळ्याच्या नात्यातला आहे. विंचवाला घरचा उपाय पुरत नाही.

मागच्या दिवाळीच्या आधी आमच्या काकूला सुडीजवळ लहान लाल विंचू चावला. तिला लय घाम सुटला, उलटी झाली आणि हातपाय गार पडले. कोणी म्हणाले, उतरवणाऱ्याला बोलवा. आजी म्हणाली, "मंतर मंग म्हना, आंदी दवाखान्यात न्या तिले." काकांनी तिला तसेच मोटारसायकलवर नेले. दोन दिवसांनी काकू घरी आली. आता ती पुन्हा वावरात जाते.

मी बाईंना विचारले की मग मंत्राने लोक बरे कसे होतात? बाई म्हणाल्या, मोठा काळा विंचू चावला की बहुतेक वेळा नुसत्या कळा येतात आणि काही तासांनी त्या आपोआप थांबतात. लोकांना वाटते मंत्राने थांबल्या. पण लहान लाल विंचवाचे विष हृदयावर जाते. तिथे वाट पाहण्यात वेळ गेला तर माणूस दगावतो.

हे विष कसे काम करते ते आपल्या महाराष्ट्रातल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी शोधले. ते जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. १९७६ साली ते महाडजवळच्या बिरवाडीला सरकारी आरोग्य केंद्रात डॉक्टर झाले. तेव्हा कोकणात लाल विंचू चावून पुष्कळ लोक आणि लहान मुले मरत. डॉक्टर रात्र रात्र रोग्याजवळ बसून नाडी आणि रक्तदाब लिहून ठेवत. पुढे त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन नावाचे औषध देऊन पाहिले आणि मरणारे लोक फार कमी झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते औषध साधे गोळीचे आहे, पण ते डॉक्टरांनीच द्यायचे असते.

दवाखान्यात लगेच केव्हा जावे?

• ओठ, जीभ किंवा तोंड सुजले तर
• दम लागला, चक्कर आली किंवा सर्व अंगावर गांधी उठल्या तर
• तोंडात किंवा घशात माशी चावली तर
• पुष्कळ माश्या एकदम चावल्या तर
• विंचू किंवा साप चावला तर
• चावलेली जागा दुसऱ्या तिसऱ्या दिवशी जास्त लाल झाली, पू झाला किंवा ताप आला तर

गाडी नसेल तर १०८ नंबरला फोन करावा. रुग्णवाहिका येते आणि पैसे लागत नाहीत.

चावूच नये म्हणून

आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळावा. रांजण, टाके, कूलर रिकामे करून घासावे. डासाची अंडी पाण्यातच वाढतात. रात्री मच्छरदाणी लावावी. सकाळी चप्पल आणि बूट झटकून घालावे. गोवऱ्या, लाकडे आणि सुडी यांत एकदम हात घालू नये, आधी काठीने हलवावे. अंधारात बॅटरी घेऊन जावे.

आईबाबांना माझी एक विनंती आहे. घरी गेल्यावर दाराच्या मागे खडूने १०८ लिहून ठेवा. पट्टी आणि कोरफड छोट्या चाव्यासाठी आहे. मोठ्या चाव्यासाठी दवाखाना आहे.

– इयत्ता ४ थी