इंजिनाला ऊब कुठे द्यायची?

डिसेंबरच्या पहाटे पिंपरी-चिंचवडमध्ये न्हाणीघरातले खोबरेल तेल थिजलेले असते. बाटली घटकाभर गरम पाण्यात ठेवली की काम भागते. एवढ्या थंडीचे इथल्या मोटारींना फारसे काही वाटत नाही. पुण्यातले नोंदलेले नीचांकी तापमान 1.7 अंश सेल्सिअस, तेही 1935 सालचे. पण भोसरी-चाकणहून माल भरून निघणारे ट्रक पार लेह-कारगिलपर्यंत जातात आणि तिथे हिवाळ्यात रात्री पारा उणे 20 अंशांपर्यंत उतरतो.

चाकणच्या एका वाहतूकदाराचा ट्रक असाच तिकडे अडकला. सकाळी इंजिन उठेना, म्हणून ड्रायव्हरने घमेल्यात निखारे घालून ते ऑइलच्या टाकीखाली, म्हणजे चेंबरखाली सरकवले. पहाडात हा उपाय सर्रास करतात. या वेळी तेलकट वायरिंगने पेट घेतला. क्लीनरने वाळू टाकली म्हणून ट्रक वाचला. “इंजिन हीटर बसवायचा आहे, कोणता घेऊ?” असे विचारत मालक आमच्याकडे आले, तेव्हा अकरावीची चार मुलेही हजर होती. मग आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

आधी प्रश्न हा, की थंडीत डिझेल इंजिन अडते कुठे? डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवायची की फवारलेले डिझेल आपोआप पेटावे. सायकलचा पंप मारताना तळाशी गरम होतो, तोच हा प्रकार. हवा 18 पट दाबली आणि उष्णता मुळीच बाहेर गेली नाही असे मानू. केल्व्हिनमधल्या तापमानाला 18 च्या 0.4 व्या घाताने, म्हणजे सुमारे 3.18 ने गुणायचे. 30 अंशांची हवा सुमारे 690 अंशांवर जाते, उणे 20 अंशांची मात्र 530 अंशांवरच थांबते. “530 काय कमी आहेत?” असे एका मुलीने विचारले, आणि तिचे बरोबर होते. कागदावर ते पुरेसे आहेत. पण इंजिन सावकाश फिरत असेल, तर दाबलेल्या हवेतली बरीचशी उष्णता गार लोखंड शोषून घेते आणि थोडी हवाही निसटते. म्हणजे इंजिन जोरात फिरायला हवे.

नेमके तेच होत नाही. ऑइल घट्ट होते आणि बॅटरी दुबळी पडते. उणे 18 अंशांना शिसे-आम्लाच्या बॅटरीचा जोर निम्म्यावर येतो. ऑइलच्या डब्यावरचे ‘15 डब्ल्यू-40’ सगळ्यांनी पाहिलेले असते. यातला डब्ल्यू हिवाळ्याच्या इंग्रजी शब्दातला. सुरू करतानाच्या घट्टपणाची 15 डब्ल्यू ऑइलची चाचणी उणे 20 अंशांवर घेतात, 5 डब्ल्यूची उणे 30 वर. म्हणजे आपले नेहमीचे ऑइल लेहला अगदी कडेवर उभे असते.

आणि चौथी अडचण खोबरेल तेलाची. डिझेलमध्ये मेणासारखे घटक असतात. थंडीत त्यांचे स्फटिक बनून फिल्टर तुंबतो. भारतीय मानकानुसार हिवाळी डिझेलचा प्रवाहबिंदू 3 अंशांपर्यंत असला तरी चालतो. मैदानात तेवढे ठीक आहे, लडाखमध्ये नाही. म्हणूनच इंडियन ऑइलने 2019 साली लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत वाहते राहणारे खास डिझेल आणले.

आता हीटर. ट्रकचे इंजिन 400 किलो लोखंडाचे, त्यात 20 लिटर कूलंट आणि 15 लिटर ऑइल आहे असे धरा. विशिष्ट उष्म्याने गुणून बेरीज केली, तर एक अंश तापवायला सुमारे 280 किलोज्यूल लागतात. उणे 20 वरून अधिक 10 वर न्यायचे, म्हणजे 8,400 किलोज्यूल. विजेचे एक युनिट 3,600 किलोज्यूलचे, तेव्हा हिशेब सव्वादोन युनिटांच्या थोडा वर जातो. एक किलोवॉटचा हीटर गळती धरून तीन-चार तास लावावा लागेल. रात्रभर लावून ठेवण्यात अर्थ नाही. पहाटे लावला की पुरे.

विजेचा हीटर बसतो कुठे, हे मुलांना भोसरीतल्या एका गॅरेजात दाखवले. इंजिनाच्या ब्लॉकला बाजूने वाटीसारख्या पत्र्याच्या गोल चकत्या ठोकलेल्या दिसतात. हे कोअर प्लग. ब्लॉक ओतताना पाण्याच्या पोकळ्यांसाठी साच्यात वाळूचे गाभे ठेवतात. ओतकाम झाल्यावर वाळू ज्या भोकांतून काढायची, ती भोके या चकत्या बुजवतात. पाणी गोठले तर चकती उडून ब्लॉक वाचतो, असे पुष्कळ मेकॅनिक सांगतात, पण त्या त्यासाठी नसतात आणि तेवढा भरवसा ठेवू नये. एक चकती काढून तिथे हीटर बसतो. त्याची कांडी आतल्या लोखंडाला टेकता कामा नये आणि ती पूर्ण कूलंटमध्ये बुडलेली हवी. कूलंट भरून, इंजिन चालवून आतली हवा काढल्याशिवाय प्लग लावला, तर कांडी जळते. वायर तीन तारांची आणि अर्थिंग पक्के हवे.

मालकांना कोणीतरी परदेशी हीटर स्वस्तात देऊ केला होता: 1,000 वॉट, 120 व्होल्ट. आपल्या 230 व्होल्टवर त्याची शक्ती किती होईल? मुलांनी व्होल्टेजच्या गुणोत्तराचा वर्ग केला. उत्तर आले सुमारे 3,670 वॉट. तो सौदा तिथेच संपला.

अमेरिकेत नॉर्थ डाकोटाच्या अँड्र्यू फ्रीमन यांना 1949 साली विजेच्या इंजिन हीटरचे पेटंट मिळाले. तिथे घरासमोर गाडी उभी करून प्लग लावता येतो. आपला ट्रक रात्री ढाब्यावर उभा असतो, तिथे प्लग कुठला! म्हणून ड्रायव्हर इंजिन रात्रभर चालू ठेवतात. तासाला दोन-तीन लिटर डिझेल जाते, आणि धूर केबिनमध्ये शिरला तर झोपलेल्यांच्या जिवावर बेतते.

आमच्या मते अशा ट्रकला डिझेलवर जळणारा, कूलंट तापवून फिरवणारा छोटा हीटर बरा. लिटरभर डिझेलमध्ये सुमारे 10 युनिटांइतकी उष्णता असते. गळती धरूनही आपले काम अर्ध्या लिटरच्या आत होते. मात्र लेहची हवा विरळ, तिचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश. तेव्हा उंचीवर चालणारे मॉडेल मागून घ्यावे, आणि धुराची नळी केबिनपासून दूर काढावी. तो टाकीतलेच डिझेल ओढतो. डिझेल थिजले, तर हीटरही अडतो! शिवाय त्याचा पंप बॅटरीवर चालतो. म्हणून आम्ही मालकांना क्रम सांगितला: आधी हिवाळी डिझेल आणि दणकट बॅटरी, मग 5 डब्ल्यूचे ऑइल, हीटर शेवटी.

त्यांनी तसेच केले. आता एवढेच, की असा हीटर नुसता पडून राहिला तर त्याच्या नळीतले डिझेल चिकट होते. म्हणून चाकणच्या भर मे महिन्यातही ते महिन्यातून एकदा दहा मिनिटे तो पेटवतात, आणि शेजारचे गॅरेजवाले त्यांना हसतात.