हातोडीवाली मेरी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रीजिस नावाचे छोटेसे गाव आहे. तेथील सेंट मायकल चर्चमध्ये १८५० साली बसवलेली एक रंगीत काचेची खिडकी आहे. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, कैद्याची विचारपूस आणि आजाऱ्याची सेवा अशी दयेची सहा कामे तिच्यावर चितारलेली आहेत. पाहणाऱ्याला वाटावे, कोणा दानशूर बाईंचे हे स्मारक असेल! प्रत्यक्षात ती खिडकी मेरी अॅनिंग या स्त्रीच्या स्मरणार्थ आहे आणि तिच्यासाठी पैसे देणाऱ्यांत लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचे, म्हणजे भूगर्भशास्त्रज्ञांच्या संस्थेचे, सभासद होते. भूगर्भशास्त्राला मेरीचा उपयोग झाला, एवढा उल्लेख खालच्या मजकुरात आहे. पण ज्या कामात तिचे आयुष्य गेले त्यातली हातोडी, खडक आणि प्रचंड सांगाडे यांपैकी काचेवर काहीच नाही.

हातोडी हाती घेतलेली मेरी गावात उभी राहायला पुढे १७२ वर्षे लागली.

मेरीचा जन्म २१ मे १७९९ चा. सव्वा वर्षाची असताना एका झाडाखाली वीज पडली. तिथे उभ्या असलेल्या तीन बायका जागीच ठार झाल्या, त्यातल्या एकीच्या कडेवरची मेरी मात्र वाचली. वडील सुतार. किनाऱ्यावरच्या कड्यांतून निघणारे जीवाश्म, म्हणजे दगड बनलेले प्राणी, वेचून ते हवापालटासाठी येणाऱ्या पाहुण्यांना विकायचे. त्यात अॅमोनाइट नावाचे वेटोळे घातलेले शंख फार. हा प्रकार आपल्याला अनोळखी नाही. आपल्या देवघरातला गंडकी नदीतला शाळिग्राम म्हणजे बहुधा अॅमोनाइटच आणि त्यावरचे चक्र म्हणजे त्या शंखाची वेटोळी!

१८१० साली वडील वारले. मागे राहिले ते कर्ज, आई आणि दोन मुले. आईला दहाएक मुले झाली होती, पण मोठी झाली ती मेरी आणि तिचा भाऊ जोसेफ एवढीच. जीवाश्म विकून घर चालवणे हा आता छंद उरला नाही. १८११ मध्ये जोसेफला सुमारे चार फूट लांबीची एक कवटी सापडली आणि पुढच्या वर्षी बारा-तेरा वर्षांच्या मेरीने त्या प्राण्याचा उरलेला सांगाडा शोधून काढला. तो तेवीस पौंडांना विकला गेला. सुरुवातीला लोकांना ती मगर वाटली. पुढे शास्त्रज्ञांनी या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याला ‘इक्थिओसॉरस’ हे नाव दिले.

फळी, दरड आणि भरती

हे काम किनाऱ्यावर शिंपले वेचण्यासारखे नव्हते. हिवाळ्यातल्या वादळांनी दरडी कोसळल्या की खडकातले नवे थर उघडे पडत. भरतीचे पाणी ते धुऊन नेण्याआधी तिथे पोचायचे, म्हणजे ऐन थंडीत, ओल्या आणि केव्हाही ढासळणाऱ्या कड्याखाली. मेरीबरोबर तिचा ‘ट्रे’ नावाचा कुत्रा असे. १८३३ साली तिच्या डोळ्यांदेखत कोसळलेल्या दरडीखाली तो गाडला गेला. ती स्वतः थोडक्यात बचावली आणि पुन्हा त्याच कड्यांकडे जात राहिली.

शाळेचे शिक्षण जेमतेम. पण हाती आलेले शास्त्रीय लेख ती चित्रांसकट हाताने उतरवून काढी. जीवाश्म कळावेत म्हणून आजचे मासे कापून पाही. बेलेम्नाइट या प्राण्याच्या जीवाश्मात सुकलेल्या शाईची पिशवी असते, हे तिच्या लक्षात आले. तिची मैत्रीण एलिझाबेथ फिलपॉट हिने ती शाई पाण्यात कालवली आणि तिनेच जीवाश्मांची चित्रे काढली. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्राण्याची शाई घेऊन त्याच्याच काळातल्या प्राण्यांची चित्रे!

१८२३ मध्ये मेरीला प्लेसिओसॉरचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा मिळाला. त्याची मान इतकी लांब की, पॅरिसचे नामवंत शरीररचनाशास्त्रज्ञ क्युव्हिए यांना हा बनाव असावा अशी शंका आली. मेरीची शास्त्रज्ञांत असलेली पत आणि तिची रोजी-रोटी दोन्ही पणाला लागली. सांगाडा खरा ठरला, क्युव्हिए यांनी चूक मान्य केली. पण १८२४ मध्ये जिऑलॉजिकल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला गेला, तेव्हा मेरीचे नाव कोणी घेतले नाही. ती सभेलाही नव्हती. स्त्रियांना या संस्थेचे सभासद होता आले ते १९१९ पासून.

चित्रातून आलेला पैसा

तिचे मोल जाणणारेही होते. हेन्री दे ला बेश हे भूगर्भशास्त्रज्ञ तिचे लहानपणापासूनचे स्नेही. १८३० मध्ये मेरीची आर्थिक ओढाताण चालली असताना त्यांनी जलरंगात एक चित्र काढले. मेरीने शोधलेले प्राणी जिवंत असताना तो प्राचीन समुद्र कसा दिसत असेल, याचे हे चित्र. इक्थिओसॉरने प्लेसिओसॉरची मान जबड्यात पकडली आहे, वर पंख असलेले सरडे उडताहेत आणि काही प्राणी चक्क विष्ठा टाकताहेत! तेही उगाच नाही. किनाऱ्यावरचे काही विचित्र गोटे अशा प्राण्यांच्या पोटाच्या भागात सापडतात, हे मेरीने टिपले होते आणि ती अश्मीभूत विष्ठा आहे, हे त्यातूनच पुढे उलगडले. त्या चित्राच्या छापील प्रती विकून आलेले पैसे मेरीला दिले गेले. माझ्या मते तिचे पहिले आणि सर्वांत प्रामाणिक स्मारक हेच. तिच्या हयातीतले, तिच्या कामाचे आणि तिच्या घरात चार पैसे आणणारे.

९ मार्च १८४७ रोजी स्तनाच्या कर्करोगाने ती गेली, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. सोसायटीचे अध्यक्ष तेव्हा दे ला बेशच होते. सभासद नसलेल्या या बाईला त्यांनी संस्थेच्या वार्षिक भाषणात श्रद्धांजली वाहिली. मग ती खिडकी आली.

त्यानंतर जग हळूहळू जागे झाले. तिच्या जन्मघराच्या जागेवर आज गावाचे संग्रहालय आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीने २०१० मध्ये विज्ञानावर सर्वाधिक प्रभाव टाकणाऱ्या दहा ब्रिटिश स्त्रियांत तिची निवड केली. पण गावात पुतळा नव्हता. तो का नाही, असे त्याच डॉर्सेट परगण्यातल्या एका शाळकरी मुलीने आईला विचारले आणि २०१८ मध्ये मायलेकींनी मोहीमच उघडली. लोकवर्गणी जमली. शिल्पकार डेनिस डटन या बाईंनी घडवलेल्या ब्राँझच्या पुतळ्याचे अनावरण मेरीच्या जन्मदिनी, २१ मे २०२२ रोजी झाले.

पुतळ्यातली मेरी चौथऱ्यावर ताठ उभी नाही, ती कामाला निघाली आहे. घोळदार झगा, हातात हातोडी आणि अॅमोनाइट, दंडावर टोपली, पायाशी ट्रे. तोंड ज्या कड्यांत तिने आयुष्य घालवले त्यांच्याकडे. ते कडे आजही ढासळतात आणि वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हातोड्या घेतलेली माणसे तिच्या समोरूनच किनाऱ्यावर उतरतात.